झाकणाचा दुसरा ठोका

१

सोमवारी सकाळी साडेनऊला करवंदवाडीच्या आरोग्य उपकेंद्रात ठकी शिदनं लसींच्या फ्रीजचं झाकण उचललं, आत हात घातला आणि तशीच उभी राहिली. बर्फाच्या पाकिटांत कोमट पाणी डुचमळत होतं. तीनशे बारा डोस वाया. बाहेर ओसरीवर सात बाया पोरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी ठकी सिस्टरचं तोंड बघितलं आणि काहीतरी वाईट झालंय हे न सांगता कळलं त्यांना.

मंगळवारी दुपारी तिच्यावर ठपका आला. कारण काय, तर तिनं डबा बंद केला.

हा डबा आमचा. वाशिंदला आमचा कारखाना आहे, म्हणजे पत्र्याची एक शेड आणि चौदा माणसं. आम्ही लसींच्या फ्रीजला लावायचा तळहाताएवढा डबा बनवतो. फ्रीज तापायला लागला की डबा वायफायवरून निरोप धाडतो आणि सिस्टरच्या मोबाईलवर घंटी वाजते. झाकण कधी उघडलं, कधी लावलं, तेही तो टिपून ठेवतो. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत मिळून असे एकसष्ट डबे आहेत. करवंदवाडी डोळखांबच्या वरच्या अंगाला. तिथं शनिवारी दुपारी वीज कोसळली, खांब आडवा झाला, आणि सोमवार उजाडेपर्यंत लाइट नव्हती. फ्रीज बंद पडला. पण डबा आणि वायफाय सोलारच्या बॅटरीवर होते, म्हणजे डब्यानं दोन दिवस बोंब मारायला हवी होती. तो गप्प राहिला. त्याचा शेवटचा निरोप शनिवारचा, दुपारी एक वाजून बारा मिनिटांचा, आणि तेव्हा खोलीत एकटी ठकी होती.

"सिस्टरनं घरी जाताना डबा बंद केला, उपकरणात दोष नाही," असं आमच्या मालकानं, शेखरनं, सही करून देऊनही टाकलं. शुक्रवारी चौकशी. ठकी नऊ वर्षं कंत्राटावर. तिला काढायला एक कागद पुरे होता.

"अरे, तू डबा उघडून बघितलास का तरी?" मी म्हटलं. शेखर आणि मी एका शाळेतले, त्यामुळं त्याला अरेतुरे करणारी त्या शेडमध्ये मी एकटीच.

"साठ डबे चालू आहेत अनिता, एक बंद पडला. सरळ आहे ना? तुला काय वाटतं, तिनंच केलं ना?"

"मला काहीच वाटत नाही. मी बघितलेलं नाही."

"पण तिनंच केलं असेल ना?"

झालं! माझं डोकं सटकलं. एकच गोष्ट दोनदा विचारलेली मला खपत नाही, हे घरी नवऱ्याला माहीत आहे, सासूला माहीत आहे आणि शेडमधल्या चौदा माणसांनाही माहीत आहे. डब्याच्या आत जी छोटी ऑपरेटिंग सिस्टीम चालते ती माझी जबाबदारी. पंकज नावाचा मुरबाडचा मुलगा तिचे ड्रायव्हर लिहितो, म्हणजे वायफायच्या चिपशी बोलणारा भाग, आणि मी ते तपासते. माझ्या तपासणीशिवाय एक ओळ बाहेर जात नाही. आणि हा मला न विचारता सही करून मोकळा! मी टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर पर्समध्ये टाकला आणि स्कूटर काढली.

२

"डब्याच्या बाई तुमीच काय?" ठकीनं मला दारातच अडवलं. पन्नाशीची, बुटकी, पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचलेला. "मंग डबा काढा नि घेऊन जा. हितं तुमचं काय काम नाय."

"मला फक्त काय झालं ते—"

"काय झालं? माझं वाटोळं झालं! नऊ वरीस मी या पाड्यांवर फिरतंय. आधी बाया पोरं लपवून ठेवायच्या, सुईला भ्यायच्या. एकेकीच्या दारात चार चार येळा बसून मी त्यांना हितं आनलं. आन् आता त्या बोलतात, सिस्टरनं औशद उकळवलं. तुमच्या सायबाच्या सहीनं!"

ती बरोबर बोलत होती. मग तिनंच मला आत नेलं आणि भिंतीवरचं बटण दाखवलं. डब्याच्या पिनेभोवती लाल दोरा गुंडाळलेला, आणि वर चिकटपट्टीनं लावलेली चिठ्ठी: हात लावायचा नाय.

"ट्रेनिंगला तुमच्याच मानसानं सांगितलं, डबा कधी बंद करू नका. मी दोरा बांधला. मी कशाला बंद करीन गो?"

"शनिवारी काय केलंत?"

"एक वाजता शेवटचं पोर झालं. बाटल्या आत ठेवल्या, झाकन लावलं, कुलूप घातलं. भावाच्या पोरीचा साखरपुडा व्हता किन्हवलीला. तिकडं लाइट व्हती, मला काय सपान पडनार? मोबाईल सारखा हातात धरून व्हते. घंटी वाजली असती तर साखरपुडा टाकून आले असते."

बोलता बोलता तिनं फ्रीजमधली रिकामी जाळी बाहेर काढली आणि झाकण आपटलं. मग ते बोटभर उचललं आणि पुन्हा आपटलं. धप्, धप्.

"रबर धरीत नाय नीट," ती म्हणाली. "लागल्यासारखं दिसतं, पन लागत नाय. दोनदा बघावं लागतं."

मी हं म्हटलं आणि डब्याचे स्क्रू काढायला लागले. सोमवारी पंकजनं येऊन डबा बंद करून पुन्हा चालू केला होता, तेव्हापासून तो व्यवस्थित निरोप पाठवत होता. त्यामुळं आता डब्याकडं बघून काही कळणार नव्हतं. पण आत नखाएवढं एक मेमरी कार्ड असतं, त्यावर सगळी नोंद राहते, आणि त्याला अजून कोणी हात लावला नव्हता. मी ते तिथंच ओसरीवर लॅपटॉपला लावलं.

शनिवार दुपारी दोन, चार अंश. शनिवार रात्री, सहा. रविवार सकाळी नऊ अंश, दुपारी चौदा, सोमवारी सकाळी तेवीस. दर पाच मिनिटांची नोंद, मध्ये एकही खंड नाही.

डबा कोणी बंद केलाच नव्हता. तो पूर्ण वेळ चालू होता, फ्रीज तापतोय हे त्याला दिसत होतं, आणि तरी त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं.

३

मी तिथूनच शेखरला फोन लावला.

"मग राउटर बंद केला असेल तिनं," तो लगेच म्हणाला. जीभ काय, तयारच! "डबा चालू, वायफाय बंद. जबाबदारी तिचीच येते."

ओसरीच्या टोकाला उपकेंद्राचा शिपाई कमळू मोबाईलमध्ये मान घालून बसला होता. मी पाणी मागितलं. त्यानं मोबाईल पालथा न ठेवता बाजूला ठेवला आणि माठाकडं गेला. डोळखांबच्या वर मोबाईलला नेटपुरती रेंज नसते, माझ्या फोनला सबंध घाटात बोलण्यापुरती एक रेघ होती. कमळूच्या फोनवर वायफायची खूण पूर्ण भरलेली होती.

"पासवर्ड कुणी दिला रे?" पाणी घेता घेता मी विचारलं.

"कसला पासवर्ड, मॅडम?"

"कमळू, मी डोंगरातली नसले तरी या धंद्यातली आहे."

तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागला. राउटरच्या खाली लिहिलेला पासवर्ड त्यानं कधीच टिपून घेतला होता. सिस्टर नसली की तो इथं येऊन बसायचा.

"रविवारी आला होतास?"

"नाय, म्हंजे... धा ते बारा. कबड्डीची मॅच व्हती."

"पूर्ण बघितलीस? मध्ये अडकली नाही?"

"नाय. एकदम क्लिअर. पन सिस्टरला सांगू नका, ती मला फाडून खाईल."

"अरे मूर्खा!" माझा आवाज एवढा चढला की समोरच्या आंब्यावरचे कावळे उडाले. "तिची नोकरी चाललीय! राउटर चालू होता हे सांगणारा अख्ख्या डोंगरात तू एकटा, आणि तू कबड्डी लपवत बसलास?"

ठकी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं आतून कागद आणि पेन आणून कमळूच्या पुढ्यात ठेवलं. त्यानं लिहून दिलं, खाली सही केली.

म्हणजे डबा चालू, राउटर चालू. फूटभर अंतरावर दोघं, आणि मधला निरोप मेलेला. आता खुनी बाहेर शोधण्यात अर्थ नव्हता, तो आमच्याच डब्यात होता.

४

बुधवारी सकाळी मी त्या कार्डावरची दुसरी यादी उघडली, झाकणाची. शनिवारी अकरा वेळा उघडलं, अकरा वेळा लावलं. शेवटचं एक बाराला. त्यानंतर पंकजनं डबा पुन्हा चालू करेपर्यंत यादी कोरी.

"बघ," शेखर माझ्या खांद्यावरून म्हणाला. "सोमवारी सकाळी तिनं फ्रीज उघडलासुद्धा नाही. साडेनऊला उघडला म्हणते, खोटं बोलते."

"शेखर, तिनं झाकण उघडलं तेव्हा सात बाया ओसरीवर होत्या. त्यांच्यासमोर तिनं पाकिटं बाहेर काढली. झाकण न उघडता?"

बोलता बोलता मला एकदम लख्ख दिसलं. झाकण उघडलं गेलं होतं आणि डब्याला कळलं नव्हतं. म्हणजे शनिवारी एक बाराला नुसतं वायफाय मेलं नव्हतं, झाकणाची खबरही त्याच मिनिटाला बंद झाली होती. तापमान तेवढं जिवंत. मग झाकण आणि वायफाय या दोघांत असं काय होतं, जे तापमानाला नव्हतं?

एक तार होती.

हे सोपं आहे, नीट सांगते. डब्यातल्या प्रोसेसरला हजार कामं. वायफायच्या चिपला काही सांगायचं असलं की ती एक तार ओढते. दारावरच्या घंटीची दोरी ओढावी तसं. याला इंटरप्ट म्हणतात. तार ओढली गेली की प्रोसेसर हातातलं काम टाकून 'काय पाहिजे' विचारायला जातो. झाकणाचं बटणही अशीच तार ओढतं. तापमानाचं तसं नाही, ते प्रोसेसर स्वतःच घड्याळ बघून दर पाच मिनिटांनी वाचतो. आणि आमच्या बोर्डवर जागा वाचवायला शेखरनं झाकण आणि वायफाय दोघांना मिळून एकच तार दिली होती. दोघांत एक घंटी.

त्या तारेवर किती इंटरप्ट आले याचा आकडा सिस्टीम ठेवत असते. मी तो काढला. शनिवार दुपारी एक बारापर्यंत आकडा वाढत होता. त्यानंतर सोमवारपर्यंत त्याच्यात एकाचीही भर पडली नव्हती.

आणि त्याच्या आधीच्या मंगळवारी आम्ही एकसष्ट डब्यांना नवीन व्हर्जन पाठवलं होतं.

"मग बाकीचे साठ कसे चालू?" शेखर म्हणाला. "तेच व्हर्जन, तीच तार. सांग ना."

मला सांगता येईना, आणि त्यामुळं राग आणखी चढला. चालू असलेला एखादा डबा बघायला मी सापगाववरून मुरबाडचा रस्ता धरला.

५

मुरबाडच्या बाजूला एका उपकेंद्रात काशी सिस्टर आहेत, गप्पिष्ट बाई. त्यांनी चहा टाकला. पाच वाजता निघताना त्यांनी फ्रीज तेवढा सोडला आणि एकामागून एक सगळ्या पिना भिंतीतून उपटल्या. पंखा, टीव्ही, राउटर. आणि आमचा डबा!

"अहो, डबा कशाला काढताय?"

"ऑक्टोबर आहे मॅडम, जूनपासनं हेच. रोज संध्याकाळी आभाळ भरतं, विजा पडतात. मागच्या साली शाळेचा टीव्ही फुटला. हितं कोनी पीन लावून घरी जात नाय. समद्या सिस्टर काढतात. फ्रीजला तेवढा ठेवावाच लागतो, त्याला विजेचा झटका अडवायला ती मोठी पेटी दिलीय सरकारनं."

डब्याच्या आतली बॅटरी दोन तास टिकते. म्हणजे साठही डबे रोज संध्याकाळी मरत होते आणि सकाळी नव्यानं सुरू होत होते. दिवसा एखादा मुका झाला असेल, तरी दुसऱ्या दिवशी पीन लावली की बरा. ज्यांनी सांगितलेलं ऐकलं नाही त्यांचे डबे ठणठणीत, आणि जिनं लाल दोरा बांधून अहोरात्र चालू ठेवला, तिचाच बळी गेला.

पण डबा गप्प झाला की आमच्या शेडमध्ये लाल दिवा लागायला हवा, तो का लागला नाही? मी शेखरला फोनवरच विचारलं.

"रोज संध्याकाळी साठ लाल दिवे लागायचे," तो म्हणाला. "कटकट व्हायची. मी ती सूचनाच बंद करून ठेवली, जूनमध्ये."

मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

६

गुरुवारी मी शेडमध्ये फ्रीज आणला, डबा बसवला आणि झाकण उघडायला लावायला घेतलं. शंभर वेळा, दोनशे वेळा. चारशेपर्यंत हात भरून आला. निरोप जात असल्याचा डब्याचा हिरवा दिवा मजेत लुकलुकत होता. चौकशी दुसऱ्या दिवशी अकराला. मी वैतागून झाकण आपटलं, ते नीट लागलं नाही म्हणून बोटभर उचलून पुन्हा आपटलं.

धप्, धप्.

ठकी! मी पुन्हा तसंच करायला लागले. एकोणिसाव्या वेळी हिरवा दिवा विझला. तापमानाचे आकडे येत राहिले, वायफाय मुकं झालं, झाकण उघडलेलं डब्याला कळेना. शनिवारचा एक बारा माझ्या डोळ्यांसमोर घडला होता.

मग मी जुनं आणि नवीन व्हर्जन शेजारी शेजारी लावलं. जुन्यात असं होतं: तार ओढली गेली की ड्रायव्हर झाकणाला विचारणार, मग वायफायला विचारणार, आणि निघण्यापूर्वी दोघांना पुन्हा एकदा विचारणार, मध्ये काही आलं का? नव्या व्हर्जनमध्ये ही शेवटची फेरी नव्हती. कोणीतरी काढली होती.

झाकण लागलं की डबा निरोप पाठवायला घेतो. झोपलेली वायफाय चिप उठायला पाव सेकंद जातो, तोवर ड्रायव्हर तिच्यापाशी थांबलेला असतो. नेमका त्या पाव सेकंदात दुसरा ठोका पडला की झाकण पुन्हा तार ओढतं. ड्रायव्हर झाकणाला आधीच विचारून आलेला. तो तसाच परत जातो, आणि तार ओढलेलीच राहते. प्रोसेसर वाट बघतो ती नव्यानं ओढली जाण्याची. पण जी सुटलीच नाही ती पुन्हा ओढणार कशी? मग वायफाय कितीही ओरडो, घंटी वाजत नाही.

ती फेरी कोणी काढली? नोंदीत नाव स्पष्ट होतं. पंकज.

"पंकज!" मी शेडच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाईल अशी ओरडले. "इकडं ये! डोकं गहाण टाकून काम करतोस का? नऊ वर्षं राबलेल्या बाईला घरी बसवलंस तू! तूच लिहिलेली ओळ, तूच काढलीस! का काढलीस?"

सगळे काम सोडून बघायला लागले. पंकजचा चेहरा उतरला. माझ्या शेजारी वाकून त्यानं त्या बदलाखालचे शेरे उघडले. मी तपासताना लिहिते ते शेरे.

पहिला होता: 'दोनदा काय विचारायचं? चिप बहिरी आहे का? काढ ती ओळ.'

खाली पंकजनं लिहिलं होतं: 'मॅडम, मध्येच दुसरा ठोका पडला तर?'

त्याच्याखाली: 'एकदा सांगितलं ना?'

दोन्ही शेऱ्यांपुढं माझं नाव होतं.

७

चौकशी शहापूरला, तालुक्याच्या ऑफिसात. चौकशीचे साहेब टेबलामागं, समोर ठकी उभी. तिला कोणी खुर्ची दिली नव्हती. मी माझी ओढून तिच्यामागं ठेवली. ती बसली नाही.

कमळूचा कागद आणि कार्डावरची नोंद बघितल्यावर 'डबा बंद केला' हे शेखरला मागं घ्यावंच लागलं. पण तो तयारीनं आला होता. बाहेर जिन्यात त्यानं मला सांगितलं होतं, "नेटवर्क प्रॉब्लेम म्हणू. तीही सुटेल, आपणही सुटू. पुढं दोन हजार डब्यांची ऑर्डर आहे, चौदा घरं आहेत अनिता." खरं सांगते, क्षणभर मला पटलंही. माझं नावही कुठं आलं नसतं.

"साहेब, तो नेटवर्कचा प्रॉब्लेम होता," शेखर आत म्हणाला.

साहेबांनी चष्मा वर केला. "नेटवर्क म्हणजे राउटर ना? रविवारी दोन तास चालला असेल, पण तो सिस्टरच्या ताब्यात असतो. म्हणजे देखभालीची जबाबदारी त्यांचीच." आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

ठकीनं डोळे मिटले. मी उठले.

"थांबा. पेन ठेवा खाली. मला दहा मिनिटं द्या."

कोपऱ्यात जुन्या कागदांची लोखंडी पेटी होती. तिच्या झाकणाला मी चिकटपट्टीनं बटण लावलं, डबा टेबलावर ठेवला. साहेबांना म्हटलं, झाकण उघडा, लावा. त्यांनी वीसेक वेळा केलं. हिरवा दिवा चालू. मग ठकीला म्हटलं, "तुम्ही रोज लावता तसं लावा."

ती माझ्याकडं संशयानं बघत पुढं झाली. धप्, धप्. धप्, धप्. चौदाव्या वेळी हिरवा दिवा विझला. मी डब्यात जुनी ओळ परत घातलेलं व्हर्जन टाकलं आणि तिला म्हटलं, आता लावा. तिनं पदर खोचला आणि दोनशे वेळा ती पेटी आपटली. शेजारच्या खोल्यांतले कारकून दारात गोळा झाले. दिवा विझला नाही.

"म्हणजे दोष तुमच्या डब्याचा," साहेब म्हणाले.

"माझा," मी म्हटलं.

"नोंदीत नाव पंकजचं आहे, साहेब," शेखर मध्येच म्हणाला. पंकज भिंतीला टेकून उभा होता, त्यानं मान खाली घातली.

"पंकजनं मला लिहून विचारलं होतं, दुसरा ठोका पडला तर काय? मी त्याला गप्प केलं. ही माझी सही आणि हे माझे शेरे, चौकशीच्या कागदांना लावा." मी प्रत टेबलावर ठेवली. "आणि डबा गप्प झाल्याची सूचना आमच्याच मालकांनी जूनपासून बंद ठेवलेली, तेही लिहा. या बाईनं फक्त झाकण नीट लावलं."

साहेबांनी ते शेरे वाचले. मग ठकीवरच्या ठपक्याचा कागद उचलला, त्यावर दोन आडव्या रेघा मारल्या आणि खाली सही केली. "सिस्टर, सोमवारी कामावर हजर व्हा."

मला वाटलं, ठकी रडेल, निदान सुस्कारा तरी टाकेल. ती माझ्याकडं वळली. चार दिवसांचा सगळा राग तिच्या तोंडावर तसाच होता.

"त्या तारेला दुसऱ्यांदा इचारलं नाय म्हून एवढं झालं ना?" ती म्हणाली. "मला तर कोनी एकदाबी इचारलं नव्हतं. आधी सही केली, मंग तुमी आल्या."

ती दारापर्यंत गेली आणि पुन्हा वळली.

"सोमवारी लसीचा दिस हाय. तुमी या. हितं सायबाला सांगितलं, तसं माझ्या बायांसमोर सांगा. सायबाच्या कागदावर त्या पोरं नाय आनायच्या."

८

सोमवारी मी गेले. गाडीत नव्या लसी होत्या. ओसरीवर तीनच बाया आल्या होत्या, त्याही पोरांना पदराखाली घट्ट धरून. मी उभी राहिले आणि सांगितलं. डबा आमचा, चूक माझी, सिस्टरचा काही दोष नाही, ही लस नवीन आहे आणि थंड आहे.

सगळ्यात पुढं रुपा नावाची एक तरणी बाई बसली होती. तिनं ऐकलं, पोराच्या टाळूवरून हात फिरवला आणि विचारलं, "म्हंजे सिस्टरनं औशद खराब नाय केलं?"

"नाही. माझ्या चुकीनं खराब झालं."

ती शेजारणीकडं बघून काहीतरी कुजबुजली. मग तिनं पुन्हा माझ्याकडं बघितलं.

"सिस्टरनं नाय केलं?"

माझ्या कपाळावरची शीर उडायला लागली, ती मला जाणवली. आत ठकी फ्रीजपाशी हात थांबवून माझ्याकडंच बघत होती.

मी रुपाच्या समोर खाली बसले आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

तिनं पोर पुढं केलं. ठकीनं बाटली काढली आणि झाकण लावलं, दोनदा.